बायाक्काचं नाक

पंखा सुरू झाला आणि पहिली शिंक चटणी कांडून न्यायला आलेल्या मगदूम वहिनींना आली. दुसरी मला. तिसरी कुणाची ते कळायच्या आत खोलीतल्या पाचही बायका शिंकायला लागल्या आणि डंकाचा धडधडाट त्या शिंकांत बुडून गेला.

"बंद कर ते शालन, बंद कर," आत्ती म्हणाल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सांगलीकडं सासूला आत्तीच म्हणायची रीत. त्यांनी नाकातोंडावर पंचा बांधलेला होता, त्यामुळं निम्मं बोलणं पंच्यात राहिलं आणि उरलेलं खोकल्यात गेलं.

मी बटण बंद केलं, दार ढकललं आणि आम्ही सगळ्याजणी पदरानं डोळे पुसत बाहेर लिंबाखाली येऊन उभ्या राहिलो.

"पंखा कसला गं हा," मगदूम वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "हा तर जावई. उंचावर बसायचं, गुरगुरायचं आणि कामाला हात लावायचा न्हाई."

बायका हसल्या. आत्तीही हसल्या असत्या, पण त्यांना हसू आलं की खोकला यायचा, म्हणून लिंबाला हात टेकून त्या नुसती मान हलवत राहिल्या. मी मात्र रडकुंडीला आले होते. पंखा बसवायचा हट्ट माझा होता.

आता डंक म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आताच्या मुलींना पाकिटातली चटणी तेवढी ठाऊक. डंक म्हणजे लोखंडी उखळ आणि मोटारीवर वरखाली होणारी दोन लोखंडी मुसळं. होळीपासून पाऊस लागेपर्यंत घरोघरची वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, त्यात कांडून निघायची. मिरची भाजून, मसाला भाजून, डोक्यावर पाटी घेऊन बाया यायच्या आणि आपली चटणी निघेपर्यंत उखळाला डोळे लावून बसायच्या. कुणाची ब्याडगी कुणाच्या लवंगीत मिसळायला नको, हा त्यातला हिशेब. दारं-खिडक्या गच्च बंद. वाऱ्यानं चटणी उडाली तर वर्षाचा घास उडाला, असं सगळ्यांचं म्हणणं.

सासरे गेल्यावर आत्तींनी हा डंक घरामागच्या गोठ्यात उभा केला. बोरवडी आमचं गाव. तिथं पोचायच्या आधी बायांना वाटेत दुसरे दोन डंक लागायचे, ते ओलांडून त्या आमच्याकडं यायच्या. कारण आमच्याकडं बायाक्काचं नाक होतं.

बायाक्का म्हणजे आत्तीच, गाव त्यांना त्याच नावानं ओळखायचं. मुसळं चालू असताना त्या उखळावर वाकायच्या, पंचा जरा खाली करायच्या, एक श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "अजून थोडी." नाहीतर, "झाली, काढ." कमी कांडली तर बिया तशाच राहतात, जास्त कांडली तर चटणी तापून काळी पडते. मधली नेमकी वेळ आत्ती वासावर धरतात, यावर पंचक्रोशीत दुमत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं मला एवढंच बजावलं होतं, "बाई गं, त्या नाकापुढं रांधायचंय तुला. जपून."

आणि इथंच माझं दुखणं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि त्या नाकानं माझ्या रांधण्याला कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. मी माहेरची कटाची आमटी केली, गूळ घालून कारली केली, एकदा चिडून मुद्दाम अळणी भाजी केली, तेव्हा "मीठ दे" एवढंच म्हणाल्या. बारा गावच्या चटणीला पास-नापास करणारी बाई माझ्या ताटावर खाली मान घालून जेवायची आणि हात धुवायची. "सासू नावं ठेवत न्हाई, नशीब काढलंस," आई म्हणायची. मला वाटायचं, नावं ठेवण्याइतकीसुद्धा आपली किंमत नाही.

तर ते साल चौऱ्याण्णव. होळीच्या आठ दिवस आधी मी आत्तींना तालुक्याला डॉक्टर चौगुल्यांकडं नेलं होतं. त्यांनी पाठीला नळी लावली आणि म्हणाले, "आजी, तुमच्या छातीत डंक चाललाय की हो."

"मग चांगलं हाय," आत्ती म्हणाल्या. "मोटार बंद पडली न्हाई अजून."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "औषध देतो. पण परत जाऊन त्याच हवेत बसणार असाल तर औषधानं काय होणार? दोन महिन्यांनी या. हवा सुधारली नसली आणि छाती अशीच असली, तर डंक सोडायचा आणि घरी बसायचं. यात घासाघीस चालायची नाही."

येताना एसटीतून फाट्यावर उतरून चालायला लागल्यावर आत्ती म्हणाल्या, "घरी बसून मी काय करू गं? त्या डंकानं मला माणसांत ठेवलं." माझी त्यांच्यावर नाराजी होती ती होती, पण डंकाविना आत्ती म्हणजे देवाविना देऊळ, हे मलाही दिसत होतं. त्याच रात्री मी ह्यांच्या मागं लागून पंखा आणवला. वायरमन म्हणाला, धूळ वर जाते, पंखा वरच पाहिजे. म्हणून मागच्या भिंतीत, आढ्याजवळ बसवला. आणि पहिल्याच दिवशी त्यानं माझी अशी शोभा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डंक बंद असताना मी एकटीच खोलीत गेले. दार-खिडक्या रीतसर लावून घेतल्या, पंखा लावला आणि काठीच्या टोकाला वर्तमानपत्राचा कागद बांधून पंख्यापाशी धरला. कागद नुसता फडफडला. ओढला जाईना. मोटार गरगरतेय, पाती फिरतायत, आणि वारा म्हणून नाही.

तेवढ्यात दार उघडून बाबूमिस्त्री आला. बाबू शिकलगार, पत्र्याचे डबे, कणग्या, चाळण्या करणारा. डब्याची झाकणं द्यायला आला होता. दार उघडलं आणि माझ्या काठीवरचा कागद सटकन पंख्याच्या जाळीला जाऊन चिकटला. बाबूमिस्त्रीनं रीतीप्रमाणं मागं दार लावून घेतलं. कागद गळून पडला.

"मिस्त्री, दार उघडा," मी म्हटलं.

त्यानं उघडलं. मी कागद परत वर धरला. चिकटला.

"आता लावा."

लावलं. पडला.

"उघडा."

"वैनी," बाबूमिस्त्री दारात हात ठेवून म्हणाला, "बायाक्काला बोलवू का? ऊन लागलंय काय तुमास्नी?"

मला ऊन नव्हतं लागलं. मला माझ्या बापाचं गुऱ्हाळ आठवलं होतं. लहानपणी एकदा गुऱ्हाळावर नवा माणूस जाळ घालायला आला. ऊब वाया जायला नको म्हणून त्या शहाण्यानं चुलवाणाचं तोंड चिपाडं लावून बुजवलं. धुराडं एवढं उंच, तरी सगळा धूर उलटा फिरून माणसांच्या डोळ्यांत. बाप काठी घेऊन धावत आला. "धुराला जायला वाट ठेवलीस, आणि वाऱ्याला यायला कुठनं वाट ठेवलीस? आत काही येईना तर बाहेर जाणार काय, तुझं डोस्कं?" म्हणत त्यानं लाथेनं चिपाडं उडवली होती. बापाच्या त्या शिव्या मला वीस वर्षांनी उपयोगी पडल्या. पंखा बिचारा ओढणार कुठून? आम्ही खोली डब्यासारखी बंद केली होती.

बाबूमिस्त्रीला हे पटलं. तो हुशार माणूस. देवळीतली उदबत्ती घेऊन त्यानं पेटवली आणि उखळाच्या तोंडाशी धरली. दार उघडं, पंखा चालू. उदबत्तीचा धूर उठला, आत्तींच्या पाटापाशी तोंडाच्या उंचीवर आला, आणि मग वळून वर पंख्याकडं गेला.

"बघा," तो म्हणाला. "बायाक्का इथं बसत्यात, पंखा तिथं. चटणीची वरात बायाक्काच्या नाकावरनंच निघती. ती उखळावरच पकडली पायजे. वर पत्र्याचं टोपडं करतो, त्याला नळी जोडतो, पंखा खाली घिऊ. धूळ उठली की टोपड्यात, टोपड्यातनं नळीत, नळीतनं भाईर."

"आणि चांगला वारा कुठून घ्यायचा?"

"बायाक्काच्या पाठीमागनं. म्हंजे आधी बायाक्काला मिळंल, मग उखळाला. उष्टं वारं बायाक्काला कशाला?"

आत्तींच्या पाठीमागं म्हणजे पंख्याच्या समोरची भिंत. त्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर भोक पाडायचं, जाळी लावायची, बाहेरून आडोसा करायचा म्हणजे वाऱ्याचा झोत थेट आत घुसून चटणी उडवणार नाही. मी आत्तींना सांगितलं. त्यांनी उठून भिंतीवरून हात फिरवला.

"ही भिंत तुझ्या सासऱ्यांनी आणि मी बांधली. दगूड मी वाहिलं, रचलं त्यांनी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे मग, दुसरं काही बघू. तर म्हणाल्या, "राहू दे कशाला? फोडायची असली तर तू फोड. परक्याच्या हातानं नको."

मग मी पदर खोचला आणि पहार घेतली. दोन दिवस लागले. पहिला दगड हलता हलत नव्हता, तो निघाला तेव्हा आत्तींनी तो उचलून तुळशीपाशी नेऊन ठेवला. बाबूमिस्त्रीनं तोवर टोपडं आणलं. ते एवढं मोठं झालं होतं की खाली डंक आहे की नाही कळेना.

"नाकापेक्षा मोती जड," मगदूम वहिनी म्हणाल्या. त्यांच्यावाचून आमच्या डंकावर काही घडतच नसे.

पण ते चाललं. काय सांगू, पहिल्या दिवशी मुसळं धडधडायला लागली आणि सगळ्याजणी शिंक यायची वाट बघत बसल्या, ती आलीच नाही. लाल धूळ उखळातून उठायची आणि टोपड्यात शिरायची, जशी काही तिला घरची वाट सापडलीय. पाठीला मंद गार वारा. पंचा सोडून बसलेल्या आत्ती मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघितल्या. मला वाटलं, जिंकलं.

तर मगदूम वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"हे काय मला बरं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत माझी चटणी नळीतनं चाललीय. आम्ही दारं लावून बसायचो ते वारं चटणी न्यायला नको म्हणून, आणि तुम्ही वाऱ्यालाच नोकरीला ठेवलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बाकीच्या बायांच्या माना हलायला लागल्या, आणि मला धडकी भरली. एकीनं पाटी उचलली की दहाजणी उचलणार. मग आत्तींना डॉक्टरांनी नाही तरी गावानंच घरी बसवलं असतं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," आत्ती शांतपणे म्हणाल्या. "तागडी आण शालन. निम्मी मिरची जुन्या रीतीनं कांडू, निम्मी नव्या. तूच तोल गं वहिनी."

वहिनींनी स्वतः तोललं. पाच किलो इकडं, पाच किलो तिकडं. आधी पंखा बंद, दार बंद, जाळीवर पोतं. आम्ही सगळ्या पुन्हा शिंकून-खोकून बेजार झालो, पण कुणी उठलं नाही, कारण प्रश्न चटणीचा होता. मग पंखा चालू करून दुसरी पाच किलो. नळीच्या बाहेरच्या टोकाला बाबूमिस्त्रीनं जाड मांजरपाटाची पिशवी बांधली होती, म्हणजे धूळ शेजाऱ्यांच्या वाळवणावर जायला नको. ती पिशवी सोडून वहिनींनी आणली आणि झाडून तागडीत टाकली.

नव्या रीतीची चटणी पिशवीतल्यासकट जवळजवळ पूर्ण भरली. जुन्या रीतीची आतपाव, म्हणजे सव्वाशे ग्रॅम, कमी.

वहिनींनी पुन्हा तोललं. मग पदर झाडून बघितला. उखळाच्या मागं वाकून बघितलं.

"मग माझी आतपाव गेली कुठं?"

"तुझ्या-माझ्या छातीत," आत्ती म्हणाल्या. "बावीस वर्षं जातीया."

वहिनींनी पिशवीतली चटणी बोटावर घेतली. सगळ्यात बारीक, मैद्यासारखी. त्या दिवसापासून रीतच पडली: चटणी निघाली की जिची तिनं मागं जायचं आणि आपली पिशवी झाडून घ्यायची. मगदूम वहिनी तर पुढं उखळापाशी बसेनाशाच झाल्या, मागं पिशवीपाशी पाट टाकून बसायच्या.

सगळं मार्गी लागलं असं मी धरून चालले, आणि नेमका तेव्हाच पंखा बंद पडायला लागला.

म्हणजे मी असताना चालू. मी स्वयंपाकाला, नाहीतर पोराला बघायला घरात गेले आणि परत आले की बंद. आत्तींच्या तोंडावर पंचा, खोलीत धूळ, बाया खोकतायत.

"लाईट गेली असंल," आत्ती म्हणायच्या.

"लाईट गेली तर डंक कसा चाललाय, आत्ती?"

"मग कुणाचा तरी हात लागला असंल."

एकदा, दोनदा, चार वेळा. मला वाटलं मगदूम वहिनी. पण त्या तर पिशवी भरायला हवी म्हणून पंख्याच्या बाजूच्या झाल्या होत्या. पाचव्या दिवशी मी घरात जाते म्हणून सांगून गेले आणि जाळीच्या भोकाशी येऊन उकिडवी बसले. मीच फोडलेलं भोक. त्यातून आत्तींची पाठ दिसत होती. थोडा वेळ गेला, आणि आत्तींचा हात हळूच भिंतीकडं गेला आणि बटण बंद झालं.

बाया जाईपर्यंत मी दम धरला. मग आत जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. सासूपुढं मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

"आत्ती, मरायचंय का तुम्हाला? मी भिंत फोडली ती काय गंमत म्हणून? डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन महिन्यांतला महिना गेला. तुम्हाला डंक सोडायचा असला तर तसं सांगा."

आत्ती उखळाची कड पुसत होत्या. पुसायची थांबल्या.

"ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू," त्या म्हणाल्या. "मला वास येत न्हाई, शालन."

मला आधी अर्थच लागला नाही. "पंख्यामुळं?"

"न्हाई गं. पंखा परवाचा. माझं नाक जाऊन लई दिस झालं. तू यायच्या आदल्या उन्हाळ्यात. आधी वाटलं, पडसं असंल. मग आलाच न्हाई वास. तिखट, मीठ, गोड एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं एकसारखं."

"मग चटणी झाली ते कसं सांगता?"

"घशानं. मिरची नेमकी बारीक झाली की घशात एका जागी टोचती. ठसका लागला की म्हणायचं, काढ." त्यांनी गळ्यापाशी बोट ठेवून जागा दाखवली. "आता तुझा पंखा सगळं ओढून नेतो. ठसका लागत न्हाई. आंधळ्यागत बसते मी तितं. सोमवारी कुंभारांची चटणी जास्त कांडली गेली. त्यांना कळलं न्हाई, मला बोटांना कळलं. लाज वाटली. लोकं दोन डंक वलांडून येत्यात ती बायाक्काच्या नाकासाठी. नाकच न्हाई म्हटल्यावर कोण यील?"

बारा गावं ज्याला नाक म्हणत होती तो आत्तींचा खोकला होता. त्याच मापानं त्यांनी नऊ उन्हाळे काढले, आणि मी ते माप काढून घेतलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी खाली त्यांच्यापाशी बसले.

"बोटांना कळलं म्हणालात?" मी विचारलं.

"बोटांना कळतं. कानालाबी जरा कळतं, मुसळाचा आवाज मऊ हुतो. पण वासाची खात्री वेगळी."

"मग बोटं तुमची, कान तुमचे, नाक माझं घ्या उसनं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. मग आमचं ठरलं. मी शेजारी बसायचं. त्यांनी आवाज ऐकायचा, चिमूट घेऊन बोटांत चोळायची. मी वास घ्यायचा. कच्चा वास असला तर हातातल्या बांगड्या दोनदा वाजवायच्या, झाली असली तर एकदा. आणि पंख्याला हात लावायचा नाही, ही माझी अट.

पहिले दोन-चार दिवस तारांबळ झाली. एकदा मी नुसतं डास मारायला हात हलवला आणि आत्ती म्हणाल्या, "झाली, काढ." अर्धी कच्ची चटणी बाहेर. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि आत्तींना असं हसू फुटलं की थांबेना. गंमत म्हणजे मागून खोकला आलाच नाही. ते आमच्या दोघींच्याही नंतर लक्षात आलं.

हळूहळू हात बसला. आत्ती मला शिकवायच्या: कच्च्या मिरचीचा वास नाकाच्या शेंड्याला लागतो, झालेल्याचा वर कपाळाकडं चढतो. धने जास्त भाजले तर आधी गोड वाटतं, मग कडू. नऊ वर्षं न घेतलेले वास त्यांना असे पाठ होते. वाटायचं, ही बाई डोळे मिटून आपल्या माहेरची गल्ली सांगतेय.

मगदूम वहिनींपासून मात्र काही लपत नसे. एकदा पाटी उचलता उचलता त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सून वास घेती, बांगडी वाजती, सासू म्हणती काढ. मला काय खुळी समजलीस?" वहिनींनी पाटी डोक्यावर ठेवली. "चटणी मात्र झ्याक झालीय. मी काय कुणाला सांगत न्हाई." आणि गावभर तोंड चालवणाऱ्या त्या बाईनं ही एक गोष्ट शेवटपर्यंत पोटात ठेवली.

अक्षयतृतीया झाली आणि दोन महिने भरले. सकाळी घाईघाईनं आमटी-भाकरी करून ठेवली आणि मी आत्तींना घेऊन तालुक्याला गेले. डॉक्टर चौगुल्यांनी नळी लावली. एकदा, दोनदा, पुढून, मागून. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

"काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"सुनेनं भिंत फोडली," आत्ती म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं: टोपडं, नळी, पाठीमागची जाळी. डॉक्टरांनी ते मन लावून ऐकलं, कागदावर टोपड्याचं चित्र काढून विचारलं, असं का? मी म्हटलं, असंच. "जुनं सगळंच भरून निघणार नाही," ते म्हणाले. "पण आवाज निम्म्यावर आलाय. बसा डंकावर. पंखा बंद दिसला तर मात्र मला कळवा, सूनबाई."

"मिळालंया तिला ते काम," आत्ती म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा दुपार टळून गेली होती. भुकेनं जीव चाललेला. मी आमटी गरम केली, आत्तींना ताट वाढलं आणि पाणी आणायला वळले.

"शालन."

मी वळून बघितलं. आत्तींच्या हातात घास तसाच होता. त्यांनी तो परत ताटात ठेवला, वाटी उचलली आणि नाकाशी धरली. मग खाली ठेवली. मग परत धरली.

"ही आमटी तू केलीस?"

"मीच. का हो?"

"मोहरी करपलीया."

मी हातातला तांब्या धरून उभीच राहिले.

"मोहरी करपलीया," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "चिंच लई झालीया. हिंग तर घातलेलाच न्हाई. अशी असती व्हय आमटी? आठ वर्षं माझ्या लेकाला हेच घालतीयास?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांना धार लागली, मिरची नव्हती तरी. मी तिथंच चुलीपुढं फतकल मारून बसले. आत्ती बोलतच होत्या. फोडणी कशी पाहिजे, तेल किती तापलं पाहिजे, कोथिंबीर कधी. बोलता बोलता त्यांनी ती सगळी वाटी पिऊन टाकली आणि रिकामी वाटी माझ्यापुढं केली.

"वाढ अजून," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात, "आठ वर्षांत तुझ्या हातचं आज पहिल्यांदा खाल्लं बघ."

मी वाढली. त्यांनी तिसऱ्यांदा मागितली, तेव्हा आमटी संपली होती.

आता आत्ती नव्वदीच्या घरात आहेत. डंकावर मी बसते, टोपडं तेच आहे, पंखा तिसरा. आत्ती ओसरीवर बसतात आणि तिथून आत काय शिजतंय ते सांगतात. माझी सून नवीन आहे, शिकलेली आहे, कावते बिचारी. परवा पुलाव करत होती, तर बाहेरून हाक आली, "तमालपत्र जळलं गं." सून कढई आपटून मला म्हणाली, "आई, सांगा ना त्यांना. सारखी नावं ठेवतात. तुम्हाला नाही का राग यायचा?"

मी तिला म्हटलं, "ऐकून घे गं बाई. ही नावं ऐकायला मिळावीत म्हणून मी भिंत फोडलीय."